दुपारची ताई

लोक म्हणतात, भुतं रात्री येतात.

आमच्याकडे आलं ते भर दुपारी. ऊन खिडकीतून थेट टेबलावर पडलेलं असताना. गेल्या वर्षी, माझ्या घरात, माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय हे. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. माझं तोंड जरा फाटकं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

घरात आम्ही दोघंच. आई-बाबा कधीच गेले. मी कपड्यांच्या कारखान्यात शिवणमशीनवर. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. धाकटा लाकडाच्या कारखान्यात लेथवर होता. मग एका आजारात त्याचे डोळे गेले.

त्याने भिंतीकडे तोंड केलं ते कितीतरी महिने. जेवायचा नाही, बोलायचा नाही. एकदा म्हणाला, "ताई, कशाला सांभाळतेस मला?" त्या दिवसापासून कामावर जाताना माझा जीव टांगणीला असायचा.

शेवटी त्याच्या जुन्या मालकांनीच काम दिलं. अंधांसाठी बुद्धिबळाचे पट, घरी बसून बनवायचे.

या पटात काळी घरं जराशी उंच असतात, पांढरी खोल. प्रत्येक घरात भोक आणि प्रत्येक सोंगटीच्या बुडाला खुंटी, म्हणजे चाचपताना सोंगट्या पडत नाहीत. काळ्या सोंगटीच्या डोक्यावर बारीक टोक असतं. ते बोटाला लागलं की समजायचं, ही समोरच्याची. धाकटा सगळं हातांनी मोजून करायचा. संध्याकाळी मी पॉलिश पेपर घेऊन सोंगट्या घासून द्यायचे.

पोरगं माणसात आलं हो! जेवायला लागलं. मला "फौजदार" म्हणून चिडवायला लागलं. मला आणखी काय हवं होतं?

मग एका संध्याकाळी म्हणाला, "दुपारी मस्त खेळलीस हं. घोड्याने चांगलीच गोची केलीस माझी."

"कुठल्या दुपारी? कामावर होते मी, गाढवा."

"हो का! आणि गप्प बसायलाही शिकलीस. हा खरा चमत्कार."

मला वाटलं, थट्टा करतोय.

पण टेबलावर अर्धा खेळलेला डाव तसाच होता. दिवसभराच्या उन्हाने पांढऱ्या सोंगट्या कोमट झालेल्या. मी सहज काळा घोडा उचलला...

बर्फासारखा गार.

शेजारच्या काकू दुपारी त्याला जेवण वाढून जायच्या. त्यांना विचारलं.

"अगं, गप्पा चाललेल्या असतात की त्याच्या तुझ्याशी," काकू म्हणाल्या. "मी ताट ठेवते नि निघते. हल्ली तुला दुपारची सुट्टी असते ना?"

"तुम्ही मला पाहिलंत?"

काकू गोंधळल्या. "पाहिलं असं नाही गं... पण समोरची खुर्ची रिकामी नव्हती, एवढं खरं."

त्याला सांगू तरी कसं? 'ती मी नाही' म्हटलं असतं, तर पोरगं परत भिंतीकडे वळलं असतं. आणि नाही सांगितलं तर... इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी निघताना काळा वजीर गुपचूप पर्समध्ये टाकला. म्हटलं, वजिराशिवाय कशी खेळते बघू.

संध्याकाळी पर्स उघडली...

वजीर नव्हता.

तो पटावर होता. पांढऱ्या राजाला खेटून, खुंटी भोकात घट्ट बसलेली.

"मात केलीस आज," धाकटा म्हणाला. "हरलो तर येईन म्हणालो होतो, आता उद्या यायला हवं तुझ्याबरोबर."

"कुठे?"

"ते तूच सांगणार आहेस ना?"

"मी... बोलले तुझ्याशी?"

"बोलली नाहीस. तळहातावर बोटाने लिहिलंस."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कामावर निघाल्याचं नाटक केलं आणि दाराबाहेर जिन्यात बसून राहिले. येणारं जे कोण असेल, ते माझ्यासमोरूनच जाईल.

दुपार झाली. काकूंना मी गप्प राहायची खूण केली, त्या ताट ठेवून गेल्या. नंतर जिना कुणी चढलं नाही. साधं मांजरसुद्धा नाही.

आणि आतून आवाज आला...

टक्.

खुंटी भोकात बसल्याचा.

मग जरा वेळाने पुन्हा... टक्.

मी दार ढकललं.

धाकटा उभा होता. पायात चपला. उजवा हात पुढे, बोटं मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. समोर कुणी नाही.

"दार वाजलं बहुतेक," तो त्या रिकाम्या जागेला म्हणाला. "ताई, कोण आलंय बघ ना."

मी ओरडले, "अरे, मी आलेय! ताई मी आहे! सोड तो हात!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आवाज तर तसाच आहे..." तो पुटपुटला आणि डावा हात माझ्याकडे केला.

मी घट्ट धरला.

सोंगटी तपासतो तसा त्याने अंगठा माझ्या बोटांवरून फिरवला. पॉलिश पेपरने पार खरबरीत झालेली, चिरा पडलेली बोटं. मग उजव्या हातात जे काही होतं, त्यावरून फिरवला. हळू... खूप हळू.

"ताईचा हात मऊ आहे," तो म्हणाला. "डोळे गेले तेव्हा दवाखान्यात तिनेच माझा हात धरला होता. मला माहीत आहे ना."

आणि त्याने माझा हात सोडला.

मी अंगावर झेप घेऊन त्याला खाली पाडलं. किंचाळले. काकू धावत आल्या. समोरची खुर्ची एकदाच करकरली, आणि धाकट्याची मूठ उघडली. नेऊ नाही दिलं मी त्याला. कुणालाच देणार नाही.

तो पट जाळला. नोकरी सोडली, आता घरीच शिवते. धाकटा ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का बसलाय, वेळ द्या.

वर्ष झालं. तो मला "अहो" म्हणतो. चांगला वागतो हो, शेजारच्या बाईशी वागावं तसा. अजून एकदाही ताई म्हणालेला नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडते मी.

दुपारभर मी दाराला पाठ लावून बसते. ते दारातून आलंच नव्हतं, हे माहीत असूनही.

तो ताटावर बसला की रोज विचारतो, "अहो, ताई येईल ना आज?"

नाही म्हटलं की ताट सरकवतो.

म्हणून मी म्हणते, "येईल. तू आधी जेवून घे."