आकांतांक अकरा

मदत केंद्राला फोन केला की पलीकडून आजही "काय झालंय?" असं विचारतात. पण ते उत्तरासाठी विचारत नाहीत, तुम्ही चार सेकंद बोलत राहावं म्हणून विचारतात. तुम्ही काय सांगता याच्याशी यंत्राला फारसं देणंघेणं नसतं. तुम्ही ते कसं सांगता हे ते ऐकत असतं. माणूस खरोखर घाबरला की रक्तात अॅड्रेनलिन सुटतं, गळ्याचे स्नायू आवळतात, आवाज चढतो आणि त्यात एक बारीक थरथर येते. आपल्या कानाला ती कळत नाही, पण यंत्राला कळते. त्यावरून ते शून्य ते शंभर यांमधला एक आकडा काढतं. त्याला आकांतांक म्हणतात. ज्याचा आकांतांक मोठा, त्याच्या दारात रुग्णवाहिका आधी.

ही व्यवस्था कुणा दुष्टानं काढलेली नाही. पूर्वी लोक सर्रास थापा मारायचे. पोटात गॅस झाला तरी हार्ट अटॅक सांगायचे, आणि ज्याला खरोखर झाला असेल तो खाटेवर वाट बघत पडायचा. रुग्णवाहिका मोजक्या, थापाडे अमाप. म्हणून शब्दांचं वजन चार आण्यांवर आणलं आणि भीतीचं बारा आण्यांवर. नाटकी रडणाऱ्यांना यंत्र पहिल्याच दिवसापासून ओळखू लागलं. पहिल्या दोन वर्षांत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माणसं वाचली. हे खरं आहे आणि ते कबूल करायला हवं, जीभ जड झाली तरी.

बहिऱ्यांचं काय, हा प्रश्न कुणाला पडायला आणखी काही वर्षं गेली. ज्यांना फोनवर बोलताच येत नाही त्यांनी शेजाऱ्याचं दार बडवायचं, चिठ्ठी दाखवायची आणि शेजारी फोन करेपर्यंत त्याच्या ओठांकडे बघत उभं राहायचं, अशी पद्धत होती. चौदा वर्षं अर्ज झाले, मोर्चे झाले. शेवटी 'संदेशसेवा' सुरू झाली. नंबरावर मजकूर पाठवायचा, मदत येते. उद्‌घाटनाला मंत्र्यांचं चाळीस मिनिटं भाषण झालं आणि ते खुणांच्या भाषेत सांगायला दुभाषी आणायचं मात्र राहून गेलं.

मजकुराला आवाज नसतो, मग आकांतांक कसा काढायचा? त्यावर उत्तर निघालं बोटांत. घाबरलेल्या माणसाची बोटं चुकीच्या अक्षरांवर पडतात, तो लिहून खोडतो, तुकड्यातुकड्यांनी पाठवतो, एकच शब्द चारदा पाठवतो. दोन अक्षरांमधल्या वेळेत उड्या दिसतात. हे सगळं मोजता येतं, आणि मोजू लागले.

प्रणिता हावळला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती जन्मापासून बहिरी. नवरा विनायक इचलकरंजीत मागावर कामाला. पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याचेही कान जवळजवळ गेलेले. लग्नात तो चांगला ऐकत होता, नंतर हळूहळू तिच्या बाजूला सरकला, असं तो स्वतःच हातांनी सांगून हसायचा. मुलगी ऋजुता एकोणीस वर्षांची. तिला ऐकू येतं. बोलायच्या आधी ती खुणा शिकली होती.

प्रणिता ज्या निवासी शाळेत वाढली तिथे गुळवणी बाई दर मंगळवारी संकटाचा तास घ्यायच्या. फोन दोन्ही हातांत धरून छातीशी न्यायचा. तीन श्वास घ्यायचे. मग चार गोष्टी लिहायच्या: कुठे, कोण, काय झालं, जवळ कोण आहे. एकदा वाचायचं आणि एकदाच पाठवायचं. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. ऐकणारा माणूस अर्धवट बोलला तर त्याला उलट विचारता येतं, तुमचा संदेश अर्धवट गेला तर तुम्हाला कोण विचारणार? रडत लिहिणाऱ्या पोराला बाई परत पहिल्यापासून लिहायला लावायच्या. त्या शाळेतून बाहेर पडलेलं एकही मूल संकटात गडबडत नाही, याचा बाईंना फार अभिमान होता.

विनायक दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी जेवणाच्या ताटावरून उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात कोसळला. प्रणितानं फोन छातीशी नेला. तीन श्वास घेतले. पत्ता, खूण म्हणून पिठाची गिरणी, पुरुष, वय एकावन्न, छातीत कळ, शुद्ध नाही, जवळ फक्त पत्नी, ती बहिरी आहे, दार उघडं ठेवलं आहे. वाचलं, पाठवलं. एक्केचाळीस सेकंद. पडद्यावर लगेच उत्तर आलं, 'संदेश मिळाला. मदत येत आहे.' तिनं विश्वास ठेवला आणि गुडघ्यावर बसून त्याची छाती दाबू लागली. मदत येत असताना शेजारी धावण्यासाठी त्याला सोडून जाणं तिला पटलं नाही.

यंत्रानं तिला अकरा आकडा दिला. त्याच वेळी पलीकडच्या पेठेत एका पोराचं बोट दारात चेमटलं होतं. त्याच्या आईचा आकांतांक अठ्ठ्याऐंशी. रुग्णवाहिका आधी तिकडे गेली, मग आणखी पाच ठिकाणी. हावळांच्या दारात ती बावन्न मिनिटांनी आली. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात आला असता तर वाचला असता.

पंधराव्या दिवशी केंद्राकडून रीतसर अहवाल आला. त्यात एक रकाना होता, 'संदेशकर्त्याची भीती', आणि पुढे लिहिलं होतं, 'नगण्य (११)'.

विनायकची बहीण शालन मागच्याच गल्लीत राहायची. तिनं कागद दोनदा वाचला.

"अगं ऋजू, नवरा दारात पडलाय आणि हिला काहीच वाटलं न्हाई?"

"आत्या, तसं नसतंय ते."

"मग कसं असतंय? मी आले तवा गप बसली हुती त्याच्याजवळ. डोळ्यात टिपूस न्हाई. आणि मशीनला काय हिचं वाकडं हाय व्हय, खोटं लिहायला?"

ऋजुता त्या दुपारी कोल्हापुरात कॉलेजात होती. तिनं काही पाहिलं नव्हतं. पाहिलं नसलं की आकडा फार मोठा होतो. तिनं आईला काही विचारलं नाही, फक्त आई हातांनी बोलू लागली की ती दुसरीकडे बघू लागली. ऐकणाऱ्या घरात रुसलेलं माणूस निदान कानांनी ऐकत तरी असतं. इथे मान वळवली की संपलं. प्रणिता महिनाभर मुलीच्या खांद्याशी बोलत राहिली. शेवटी तिनं एका कागदावर लिहून तो मुलीच्या ताटाखाली ठेवला: 'ज्यानं हा आकडा काढला त्याला भेटायचं आहे. माझं बोलणं तू त्याला सांग.'

यंत्र तयार करणारे डॉ. सारंग परचुरे पुण्याहून केंद्राच्या कामासाठी येत असत. माणूस सभ्य होता. त्यांनी चहा मागवला आणि अॅड्रेनलिनपासून सगळं समजावून सांगितलं. ऋजुता एका हातानं कप बाजूला सारून आईला सांगत होती.

"मम्मी विचारतेय, मी घाबरले नव्हते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तसं कुणीच म्हणत नाही. यंत्राला भीतीची खूण सापडली नाही, एवढंच."

"पण अहवालात 'नगण्य' लिहिलंय."

परचुऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, यंत्राला आपण नमुने दाखवून शिकवतो. लाखभर घाबरलेल्या माणसांचे संदेश आम्ही त्याला दाखवले. ती सगळी ऐकणारी माणसं होती."

"बहिऱ्यांचे का नाही दाखवले?"

"कुठून आणणार? सेवाच नव्हती ना तोवर."

ऋजुतानं हे आईला सांगितलं. प्रणितानं एक खूण केली. ती ऋजुतानं जरा अडखळत बोलून दाखवली. "ती म्हणतेय, मग आता तरी बदला."

"सगळ्या बहिऱ्यांना सरसकट चाळीस गुण वाढवून द्या, असं मी सुचवलं होतं. समितीनं फेटाळलं. म्हणाले, उद्या ऐकणारे लोकही रांग तोडायला मजकूरच पाठवतील." त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. "एक उपाय आहे. भयनमुना. ज्यानं त्यानं केंद्रात येऊन आपल्या खऱ्या भीतीचा नमुना द्यायचा. यंत्र तुमची भीती ओळखायला शिकेल, आणि त्यावरून जुनी नोंदही दुरुस्त करता येईल. पण भीती खरी हवी. त्यासाठी आम्हाला परिस्थिती निर्माण करावी लागते."

कसली परिस्थिती, ते आधी सांगितलं तर भीती खरी कशी राहणार? प्रणितानं मुलीकडे बघत सही केली. सही झाल्यावर परचुऱ्यांनी ऋजुताला बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली. पोरगी पांढरीफटक पडली, पण हो म्हणाली. तिला एकदा काय ते कळायला हवं होतं. एका 'हो'साठी तिला नावं ठेवायला सोपं आहे. महिनाभर तो आकडा उशाशी घेऊन ती झोपत होती, हेही धरायला हवं.

प्रणिता काचेच्या खोलीत एकटी बसली. दहा मिनिटांनी एक बाई धापा टाकत आत आली आणि तिनं चिठ्ठी पुढे केली. 'तुमची मुलगी जिन्यावरून पडली. डोक्याला मार आहे, शुद्ध नाही. आमची माणसं बाहेर आहेत. लगेच संदेश पाठवा.'

बाहेर ऋजुता परचुऱ्यांच्या शेजारी उभी होती. आतून बाहेरचं दिसत नव्हतं. प्रणिता खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली. दार बंद होतं. ती परत फिरली. तिनं फोन दोन्ही हातांत धरून छातीशी नेला. तीन श्वास घेतले. पत्ता लिहिला, मजला लिहिला, मुलगी, वय एकोणीस. वाचलं, पाठवलं. बाहेरच्या पडद्यावर आकडा उमटला, नऊ.

ऋजुता त्या नवाकडे बघत राहिली. बापासाठी अकरा होते, तिच्यासाठी नऊ.

आणि मग आत, संदेश गेल्यावर, करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा प्रणितानं दारावर दोन्ही हात आपटले आणि ती ओरडली. तिचा आवाज तिच्या मुलीनंही पुरता ऐकलेला नव्हता. लोक हसतात म्हणून शाळेत तो गिळायला शिकवतात. घशाच्या तळातून निघालेला तो आवाज कुठल्या शब्दाचा नव्हता आणि थांबत नव्हता. खोलीतला माइक चालू होता. पडद्यावर नऊ पुसला गेला आणि सत्त्याण्णव उमटला.

"सत्त्याण्णव!" परचुरे जवळजवळ आनंदानं म्हणाले. "अहो, एवढा मी आजवर पाहिला नाही. मग प्रश्नच मिटला! संदेशाबरोबर त्यांनी फोनमध्ये ओरडायचं फक्त. उद्याच परिपत्रक काढतो. शाळांमधून सराव करून घेता येईल."

चौदा वर्षं ज्यांनी आवाजाशिवाय मदत मागता यावी म्हणून अर्ज केले, त्यांच्यासाठी हा तोडगा निघाला. पण तो ऐकायला तिथे त्यांच्यापैकी कुणी नव्हतं.

दार उघडलं. समोर ऋजुता धडधाकट उभी होती. प्रणितानं चौकट धरली आणि मुलीकडे पाहिलं. मुलगी तिच्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती. सत्त्याण्णव आकडा तिनं नीट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग रडत धावत येऊन आईच्या गळ्यात पडली.

"मम्मी, चुकलं माझं," ती आईच्या खांद्यावर तोंड खुपसून म्हणत होती. आईला ऐकू येत नाही याचंही तिला भान नव्हतं.

प्रणिताला ऐकू आलं नाही, पण कोण आधी कुठे बघतं हे बघण्यातच तिचा जन्म गेला होता. तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून ती समोरच्या पडद्यावरचा आकडा वाचत राहिली.