चपलांच्या रॅकवरचं मेडल

शशिकांत लेल्यांच्या मिशिगनमधल्या ट्रॉयच्या घरी गेलं की आधी चहा मिळे आणि मग बोअर युद्ध. हॉलमधल्या काचेच्या कपाटात, दक्षिण आफ्रिकेत लढलेल्या गोऱ्या शिपायांची चांदीची मेडलं मखमलीवर मांडलेली. प्रत्येकाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं. त्या नावावरून माणूस कुठल्या पलटणीत होता, कुठे जखमी झाला, हे हुडकायचा लेल्यांना नाद. "यांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही," सुवर्णाकाकू पाहुण्यांना सांगत.

२००६च्या ऑक्टोबरात ऑफिसातला लहू कांबळे आपल्या खापरपणजोबांचं मेडल घेऊन आला. काळपट, ब्राँझचं. शिपायांना चांदी, डोलीवाल्यांना ब्राँझ. जखमी गोऱ्यांना खांद्यावरून आणणारा तो माणूस. कडेवर नुसतं 'रामा'.

"काका, यांच्यावर रिसर्च करा ना. आणि तोवर सगळ्यांसोबत कपाटातच ठेवा हां. आईला फोटो पाठवायचाय."

"म्हणजे काय! मानानं ठेवतो."

लहू गेला आणि लेल्यांनी मेडल गॅरेजमध्ये चपलांच्या रॅकवर ठेवलं. ब्राँझशेजारी चांदी खराब होते, असं त्यांनी बायकोला सांगितलं. त्याच कपाटात वर्षानुवर्षं त्यांचा ब्राँझचा गणपती बसला होता, आणि चांदीला काही झालं नव्हतं.

शनिवारी एक चांदीचा शिपाई लेल्यांच्या हातून निसटून कपाटामागे पडला. कपाट अवजड, म्हणून राहू दिला. बाहेरची पानं गोळा करून आले, तर तेच मेडल मखमलीवर जागच्या जागी.

"मी कशाला हात लावू तुमच्या मेलेल्यांना?" सुवर्णाकाकू म्हणाल्या.

लेले इंजिनियर माणूस. त्यांनी दुसरं मेडल मुद्दाम कार्पेटवर टाकलं आणि घराला फेरी मारून आले. तेही जागेवर होतं. गॅरेजच्या दारापासून कपाटापर्यंत अनवाणी पावलं उमटली होती, लाल मातीची. तसली माती मिशिगनमध्ये त्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी व्हॅक्यूम फिरवला. ब्राँझचं मेडल आत आणायला हवं, हे कळत होतं. स्वतःची लाजही वाटत होती. तरी हात उचलेना.

मग लहूचा फोन आला, "काका, फोटो काढायला येतोय." लेल्यांनी घाईघाईनं मेडल कपाटात मधोमध मांडलं.

लहू काचेसमोर बराच वेळ उभा राहिला. "काका, सगळ्यांच्या बरोबरीनं ठेवलंत," एवढं म्हणाला आणि त्यानं आईसाठी फोटो काढला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लेल्यांना झालं.

पण जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सत्यनारायण व्हायचा होता. फोटो काढून निघालेल्या लहूची गाडी वळताच लेल्यांनी बूट चढवले, मेडल मुठीत घेतलं आणि गॅरेजची पायरी उतरले.

पाय घसरला. आत काहीतरी कडकन मोडलं. सुवर्णाकाकू सामान आणायला गेल्या होत्या. थंड सिमेंटवर पडल्या पडल्या लेल्यांना जवळच कुणाचातरी धापा टाकल्याचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा ते हॉलमधल्या सोफ्यावर होते.

मोडका पाय मफलरनं घट्ट बांधलेला. बूट काढलेले. शर्टाला परक्या घामाचा वास.

"अहो, या पायानं आत आलात कसे?" दारात पिशव्या घेऊन सुवर्णाकाकू उभ्या.

कार्पेटवर लाल पावलं होती. सोफ्यापर्यंत येतानाची खोल, परत जातानाची हलकी.

लेल्यांची मूठ रिकामी होती. ते रडायला लागले. "ते मेडल आण. कपाटात ठेव. आत्ता."

सुवर्णाकाकू गॅरेजमध्ये गेल्या. बऱ्याच वेळानं तिथूनच त्यांचा आवाज आला.

"अहो, रॅकवर आहे. दोन्ही हातांनी ओढतेय, पण हलतच नाही."