भास्करच्या पेटीतली रक्तपिशाच्चं

चौथ्या सकाळीही तेच. बंद पेटीवर एक कॉमिक उघडं पडलेलं आणि चित्रातल्या रक्तपिशाच्चाच्या ओठांवर ओलं लाल.

“बाबा आज दुपारी सगळी पेटीच जाळणार आहेत,” मृणालीनं फोनवर सांगितलं. “बाई, लगेच या.”

रत्नागिरीत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या हेमाबाई चहा अर्धा टाकून निघाल्या. भुतांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता, माणसांवरही बेताचाच.

घरात तिघंच: मृणाली, तिचे वडील आत्माराम आणि त्यांची विधवा वहिनी, सगुणाकाकी. काकींचा नवरा भास्कर १९७३ साली बोटीवरून नाहीसा झाला. बुडाला, असं कंपनीनं कळवलं. धाकट्या आत्मारामसाठी त्यानं बंदराबंदरांतून ही कॉमिकं आणली होती. रक्तपिशाच्चं, प्लेगच्या गाड्या, मुंडकी उडवलेले राजे. पन्नास वर्षं पेटी कुणी उघडली नव्हती. गेल्या आठवड्यात मृणालीनं सालवार यादी करायला ती उघडली आणि हे सुरू झालं.

“भाऊ आलाय,” आत्माराम म्हणाले. चार दिवसांत ते निम्मे झाले होते. “त्याची वस्तू उघडली, त्याला आवडलं नाय. जाळली की सुटेल बिचारा.”

हेमाबाईंनी लाल डागावर लिंबाचा थेंब सोडला. डाग पिवळा पडला.

“कुंकू. हळद-चुन्याचं, घरी केलेलं.”

देवघरातल्या कुंकवावरही थेंब टाकला. ते लालच राहिलं.

“हे बाजारचं. मृणाली, तू कुंकू लावतेस?”

“टिकली लावते, बाई.”

“यादीबद्दल कोणी काही विचारलं?”

“काकीनं. यातलं सगळ्यात शेवटचं कुठलं, म्हणाली. तिला इंग्रजी वाचता येत नाय ना. मी म्हटलं, यादी झाली की सांगेन.”

बाईंनी कॉमिकं सालवार लावली. शेवटच्यावर छापलं होतं, १९७५.

“सगुणावहिनी, तुमचं फडताळ उघडता?”

काकींनी फडताळाची किल्ली पदराखाली घट्ट धरली.

“चोरून लावायचं कुंकू विधवा दुकानात कसं मागणार? म्हणून घरी केलंत. नवरा जिवंत आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. बुडालेला माणूस दोन वर्षांनी छापलेलं पुस्तक पाठवत नाही. ते नेमकं कुठलं, हे ओळखता येईना, म्हणून भुताचा बनाव करून सगळीच जाळायला लावणार होता.”

“पत्र होतं सोबत,” काकी हळूच म्हणाल्या. “तिकडे दुसरं घर मांडलंन. पत्र मी चुलीत घातलं. पुस्तक भाऊजींचं होतं, ते जाळवेना. गुपचूप पेटीत सरकवलं.”

“पण लपवलंस का?” मृणालीनं विचारलं.

“टाकलेल्या बायकोला कोण ठेवतं गो? विधवेला या घरात निदान जागा होती.”

“दरसाल मी त्याचं श्राद्ध घातलं,” आत्माराम म्हणाले. “जिवंत माणसाचं!”

“त्या दिवशी मी देवापाशी त्यांचं आयुष्य मागायचे, भाऊजी.”

“आणि मी? चौदा वर्षांचा होतो, वहिनी. रोज जेटीवर जाऊन बसायचो. मला तरी एकदा सांगायचंत.”

सगुणाकाकी रडू लागल्या. आत्मारामना त्यांची दया आली, पण जवळ जाववेना.