आठवी 'ब'चा तास

आकुर्डीच्या कॉलेजात गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं आणि मंजुषा तिथे चक्क झोपली… शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर.

जाग येताच ती अंग चोरून बाजूला सरकली. "सॉरी… उठवायचं ना."

"आठवडाभर शाळा आणि रविवारी हे. कुणाला उठवावंसं वाटेल?" तो हसला. "मी कुलदीप. तळेगावला शिकवतो."

"मी राहते तळेगावला. शाळा चाकणची."

उत्तर सांगू नका, मुलांना गटात बसवून शोधू द्या, असं प्रशिक्षणात सांगत होते. मंजुषाच्या वर्गात साठ मुलं. "ती सगळी बोलायला लागली तर शाळा जागेवर राहील का?"

"मी येतो बघायला." प्रशिक्षणाचा भाग म्हणून सगळ्यांनाच दुसऱ्या शिक्षकाचा एक तास बघायचा होता. "तास बघेन… आणि तुम्हालाही."

"हे पण प्रशिक्षणात शिकवलं?"

"नाही. हे माझं."

गुरुवारी तो आला. मंजुषाने गट केले, कागद वाटले. त्रिकोण कापा, त्याचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावा, काय दिसतं ते सांगा. थोड्याच वेळात कल्ला झाला. मुख्याध्यापक सोपानराव दारात उभे राहिले. "मॅडम, वर्ग आहे की भाजीबाजार?"

मंजुषाचा चेहरा उतरला. उत्तर लिहून टाकावं, संपवावं… तिने खडू उचलला.

"लिहू नका बाई," मागून करिष्मा म्हणाली. ही मुलगी वर्षभरात कधी आपणहून बोलली नव्हती. "आमचं जुळायलंय."

मंजुषाने खडू ठेवला. "सर, तास संपेपर्यंत थांबा."

"उद्या केबिनमध्ये या," एवढं म्हणून ते गेले.

संध्याकाळी कुलदीपच्या गाडीवर दोघं ट्रेलरांच्या रांगेत अडकले. धूळ, हॉर्न, तोंडावर उतरतं ऊन.

"दमलात?"

"खूप. उद्या बोलणी खायचीत. आणि तरी पुढचा तास असाच घेणार आहे."

गाडी जराशी सरकली, पुन्हा थांबली. कुलदीप आरशात तिच्याकडे बघत म्हणाला, "मंजुषा… लग्न कराल माझ्याशी?"



"घरी गेल्यावर मला बोलायचंही त्राण नसतं, कुलदीप."

"मलाही नसतं. न बोलता जेवू."

"स्वयंपाक कोण करणार?"

"एक दिवस तुम्ही, एक दिवस मी."

ट्रेलर हलले. तिने हात हळूच त्याच्या खांद्यावर ठेवला. "पहिला दिवस तुमचा."