प्रणितची फोमची ढाल

फोन आला तेव्हा हवालदार रोहिणी ठाकूर रोहा पोलीस ठाण्यात डबा खात होती. दुपारचे पावणेचार वाजले होते.

"मॅडम, अष्टमीत या लवकर. माझा रूम पार्टनर उठत नाय. अंग गार पडलंय."

ती उठली. डब्यात कोणती भाजी होती, हे तिला सांगता आलं नसतं. सहा महिन्यांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून असंच चाललं होतं. जेवण, ड्यूटी, घर. कुणी विनोद केला तर ती हसायचीही. पण आत काही पोचत नव्हतं. रडूसुद्धा आलं नव्हतं. "दगड झालीस गो तू," सासू एकदा म्हणाली होती. रोहिणीने तेही ऐकून घेतलं होतं.

कुंडलिकेचा पूल ओलांडून ती अष्टमीतल्या चाळीत पोचली. शेवटची खोली. दारातच डोकं भणभणेल असा चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला.

फरशीवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण पडला होता. अंगात धुतलेला टीशर्ट आणि हाफ पँट. शेजारी सोल्युशनचा उघडा डबा, त्यात ब्रश. आणि भिंतीला टेकवलेली एक ढाल. हात-दीड हात रुंद, काळ्या फोमची, त्यावर लाल रंगात चिंबोरी काढलेली. चिंबोरीच्या नांग्या इतक्या झोकात होत्या की पहिल्यांदा नजर तिकडेच जावी.

"हा प्रणित. प्रणित म्हात्रे," दारात उभा असलेला माणूस म्हणाला. तो निलेश, फोन करणारा रूम पार्टनर. दोघं धाटावच्या बाजूला एका छोट्या केमिकल युनिटमध्ये कामाला. निलेश सुपरवायझर, प्रणित त्याच्या हाताखालचा ऑपरेटर.

"तुम्ही किती वाजता आलात?"

"फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. साडेतीनला."

"हा कामावर नव्हता गेला?"

"आज रजा टाकली व्हती त्याने. रविवारी त्यांची ती लढाई असते ना, ढाल पुरी करायची म्हणाला. सकाळपासून चिकटवत बसला असणार. दार-खिडक्या बंद. किती वेळा सांगितलं, वास चढेल म्हणून." निलेशचा आवाज फुटला. त्याने तोंड फिरवलं.

"कसली लढाई?"

"लुटुपुटीची हो. वेष घालून, फोमच्या तलवारी घेऊन मारामारी करतात. एवढी मोठी पोरं."

रोहिणी प्रेताजवळ बसली. आधी तिने हात पाहिले. मग पाय. दोन्ही पोटऱ्यांवर, गुडघ्याच्या वीतभर खाली, एक खोल वळ उमटला होता. कातडीत रुतलेल्या पट्टीसारखा, गोल. तिने तो वहीत लिहून घेतला. का, ते तेव्हा तिलाही नीट कळलं नव्हतं.

मग तिने ढाल उलटी केली. मागच्या बाजूला फोमचा एक तुकडा नुकताच चिकटवलेला दिसत होता. तिने नखाने उचलला, तर तो सहज सुटून हातात आला. ढालीवर सोल्युशन ओलंच होतं. तुकड्याची पाठ जवळजवळ कोरडी.

शेजारची गोदूबाई मागच्या पडवीत भांडी घेऊन बसली होती.

"तुम्हाला वास कधी आला?"

"बाराच्या पुढं. सकाळपासून हिथंच हाय मी, पापड वाळत घातलेत. तवर कायच नव्हता. मग एकदम डोकं धरलं बघा."

"मागच्या दाराने कुणी आलं?"

"मधी जेवायला गेलते आत. तवाचं नाय सांगता येत."

ठाण्याच्या साहेबांनी अकस्मात मृत्यूची नोंद करायला सांगितली. डॉक्टर म्हणाले, विषारी वाफ फुफ्फुसात गेल्यासारखं दिसतंय, नक्की कसली ते व्हिसेराच्या अहवालात कळेल, त्याला वेळ लागेल. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं: खेळण्यापायी एक पोरगा मेला.

*

दुसऱ्या दिवशी रोहिणी ढाल घेऊन पेणला गेली. प्रणितचा दोस्त जितेश तिथे गणपतीच्या कारखान्यात मूर्तींची रंगकामं करायचा. बारक्या ब्रशने तो एका मूर्तीची भुवई ओढत होता. ढाल पाहून त्याने ब्रश पाण्यात टाकला आणि चिंबोरीच्या नांगीवरून बोट फिरवलं.

"ही मीच रंगवलीय," तो म्हणाला. "चिंबोरी त्याला पाहिजे व्हती. खाडीकाठचा ना तो."

"तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"कोण, निलेशदादा बोलला? झालं व्हतं. गेल्या महिन्यात माझ्या ढालीची कड कडक व्हती, एकाच्या दाताला लागलं. प्रणितने मला खेळातून बाहेर काढलं. म्हणाला, कुणाला लागलं तर खेळ कसला? मी चिडलो. चार दिवस बोललो नाय. पाचव्या दिवशी त्यानेच येऊन मला नवी कड लावून दिली."

"ढाल कशी बनवतात? मला सगळं सांगा."

जितेशने सांगितलं. व्यायामशाळेत टाकतात तसल्या काळ्या चटया घ्यायच्या. दोन थर कापायचे. हीट गनने शेकून वाक आणायचा. मग चिकटवायचे. कडेला मऊ गोल पट्टी, आत कुठेही लाकूड नाही, लोखंड नाही. मागे जुन्या दप्तराचे पट्टे.

"चिकटवायचं कसं?"

"दोन्ही बाजूंना सोल्युशन लावायचं. मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं. हात लावून बघायचा, बोटाला लागेनासं झालं की मगच एकावर एक दाबायचं. एकदा बसलं की फाटेल पण सुटणार नाय. नवीन पोरं घाई करतात, एकाच बाजूला लावून ओलंच दाबतात. प्रणित ओरडायचा त्यांना."

"हे काम तो खोलीत करायचा?"

"छे! वासाने त्याचं डोकं दुखायचं. आमच्या गच्चीवरच करायचा, उघड्यावर. आणि मॅडम, ह्या ढालीचं चिकटवायचं काम गेल्या रविवारीच संपलं. नुसते पट्टे शिवायचे राहिले व्हते, म्हणून रोह्याला घेऊन गेला."

रोहिणीने सुटलेला तुकडा त्याच्यापुढे धरला.

"हा कुठे लागतो?"

जितेशने तो उलटसुलट केला. "कुठेच नाय. हा तर कापून उरलेला तुकडा."

त्याने आपले हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर पिवळट खपल्या होत्या. "परवाचं हाय हे, माझ्या ढालीचं. दोन-तीन दिवस घासून निघत नाय."

रोहिणीने वही उघडली. तिने लिहिलं होतं: हात स्वच्छ. नखांत साबण.

*

युनिटच्या गेटवर तिने हजेरीचं रजिस्टर मागितलं. प्रणित गेला त्या गुरुवारच्या रकान्यात त्याच्या नावापुढे 'रजा' होतं. खाली आणखी एका नावापुढेही तसंच 'रजा', त्याच शाईत, त्याच वळणात. केरू वाघमारे, हेल्पर. गाव गागोदे बुद्रुक.

"केरू कुठे आहे?"

"गावी गेलाय. ताप आलाय त्याला," रजिस्टर सांभाळणारा म्हणाला.

"इथे गमबूट कोण घालतं?"

"टाकी साफ करायला उतरतात ते. बाकी कोण कशाला घालेल?"

आवारात पलीकडे जमिनीत एक टाकी होती. झाकणावर नवी साखळी आणि नवं कुलूप. वर उंच लोखंडी तिपाईला चेन-पुली टांगलेली. रोहिणी तिथे मिनिटभर उभी राहिली. आपल्याला राग यायला हवा, असं तिच्या मनात आलं. राग आला नाही. ती स्कूटर काढून गागोद्याला निघाली.

केरू ओटीवर गोधडी पांघरून बसला होता. डोळे लालभडक. दर दोन वाक्यांना खोकला.

"ताप कधीपासून?"

"गुरुवारपासनं."

"प्रणित म्हात्रेला ओळखतोस?"

"वळखतो की. कामावर असंल ना तो आता?"

रोहिणी त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. प्रणित गेल्याचं त्याला खरंच माहीत नव्हतं.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "माझ्याबरोबर रोह्याला यायचंय."

*

साहेबांच्या खोलीत निलेश खुर्चीवर बसला होता. टेबलावर ढाल, तिच्याशेजारी सुटलेला तुकडा. रोहिणी उभी होती. तिचा आवाज हजेरी घ्यावी तसा सपाट होता.

"प्रणित गुरुवारी सकाळपासून खोलीत ढाल चिकटवत होता, असं तुम्ही म्हणालात."

"हो."

"शेजारच्या बाईंना बारापर्यंत वास आला नाही. सोल्युशनचा डबा बारानंतर उघडला गेला. आणि हा तुकडा चिकटवणाऱ्याने एकाच बाजूला सोल्युशन लावलं, ओलंच दाबलं. प्रणित दुसऱ्यांना ते शिकवायचा. त्याच्या हातून असं होणार नाही. त्यात ढालीचं चिकटवायचं काम आधीच संपलेलं. म्हणजे ज्याने हे लावलं त्याला ढाल बनवणं माहीत नव्हतं. जितेशला माहीत आहे. तुम्हाला नाही."

"माझा काय संबंध? मी शिफ्टला व्हतो."

"प्रणितच्या बोटांना सोल्युशनचा ठिपका नव्हता. एवढं काम करून? हात कुणीतरी साबणाने धुतले होते, घाईत. नखांतला साबण तसाच राहिला. कपडेही बदलले. पण पोटऱ्यांवरचा वळ कोण पुसणार? तो गमबुटाच्या कडेचा वळ आहे. प्रणित त्या दिवशी रजेवर नव्हता. तो टाकीत उतरला होता."

रोहिणी दाराकडे वळली.

"केरू, आत ये."

केरू दारातून आत आला. निलेशला पाहून त्याने सवयीने हात जोडले.

"गुरुवारी काय झालं, साहेबांना सांग."

"दहाच्या सुमारास मी टाकीत उतरलो. गाळ काढाया. खाली जाताच डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढचं ठाव नाय. जाग आली तवा वर पडलेलो. निलेशसाहेबांनी मना खेचून काढलं. रिक्षात घालून घरी धाडलं. बोलले, कुठं बोलू नको, कंपनी बंद पडल, समद्यांच्या नोकऱ्या जातील."

"तुला दोरी कुणी बांधली?"

"निलेशसाहेबांनीच."

रोहिणी निलेशकडे वळली. "बेशुद्ध माणसाला दोरी वरून बांधता येत नाही. कुणीतरी खाली उतरावं लागतं. तुम्ही उतरला असतात, तर आज इथे बसला नसतात. कोण उतरलं?"

पंखा फिरत होता. निलेशने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"प्रणित," तो म्हणाला.

केरूने एकदा रोहिणीकडे पाहिलं, एकदा निलेशकडे.

"गॅस तपासला नव्हता. मशीन महिन्यापासून बिघडलंय. मालक बोलले, आजच्या आज टाकी साफ पाहिजे. मी केरूला उतरवलं. तो पडला. प्रणित गमबूट घालून व्हताच, पुढचा नंबर त्याचा. मी बोललो थांब, मास्क आणतो. थांबला नाय. दोरी आपल्या काखेत बांधली, दुसरी घेऊन उतरला. खालून ओरडला, खेच! मी केरूला खेचला. तवर त्याचा आवाज बंद. त्यालाही खेचला. श्वास चालू व्हता, मॅडम. शपथ घेऊन सांगतो. गाडीत घातला, हॉस्पिटलला निघालो. पुलाच्या अलीकडे मान पडली."

"मग?"

"मालकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, गेटच्या आत मेला का बाहेर?"

"आणि तुम्ही त्याला खोलीवर नेलंत."

"समोर ढाल दिसली. तो डबा दिसला. सुचलं." तो हुंदके द्यायला लागला. "पाच वर्षं एका ताटात जेवलोय आम्ही."

केरू मटकन खाली बसला. त्याला कुणी उठवलं नाही.

साहेबांनी जबाब लिहायला घेतला आणि मालकाला आणायला गाडी पाठवली. टाकीवर पोलिसांचं सील लागलं. रोहिणीने कागदांवर सह्या केल्या. सगळ्या नीट, ओळीवर.

*

प्रणितची आई बायजा पेणच्या खाडीकडच्या गावात राहायची. जन्म मिठागरात गेलेला. तळपाय मिठाने चिरलेले. ती दारात बसली होती. बोळातल्या बायका रोहिणीला पाहून गप्प झाल्या.

"खेळण्यानं मेला बोलतात," बायजा म्हणाली. "समदी बोलतात. एवढा मोठा घोडा, आन् खेळण्यानं मेला."

"नाही मावशी." रोहिणी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. टाकी, केरू, दोरी. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. मऊ करून कसं सांगतात, ते तिला हल्ली जमत नव्हतं.

सांगून संपल्यावर बायजाने समोरच्या बांधाकडे पाहिलं.

"त्या केरूला पोरं हायत गो?"

"दोन मुली."

"जेवतो ना आता?"

"खोकला आहे अजून. पण जेवतो."

"पेज द्या त्याला, घरी सांगा त्याच्या. घसा जळला असंल."

बोळातल्या बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. रोहिणीला वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल. तिने वाट पाहिली. नाही आलं. तिने बायजाचा हात धरला, आणि ऊन भिंतीवरून उतरून बांधापलीकडे जाईपर्यंत तो तसाच धरून ती बसून राहिली.