फाटक्या कोपऱ्याचे कार्ड

उत्तर न दिलेले ते पत्र आठवले की केशोराव गुरुजींना जेवण जात नसे. झरियाकडच्या कोळसाखाणीतून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, सुखरामने, ते अश्विनात लिहिले होते.

'गुरुजी, घरी पाठवलेली मनीऑर्डर दोनदा परत आली. घेणाऱ्याने नाकारली, असा शेरा आहे. माझ्या बायकोने, प्रेमिलाने, दुसरे घर केले काय? तुम्ही अक्षर शिकवले, म्हणून तुम्हालाच विचारतो.'

परक्या बाईच्या संसारात कसे डोकवावे, चुकीचे लिहून बसलो तर काय, या विचारात सहा आठवडे गेले. शेवटी गुरुजींनी ते पत्र शालीकरामपुढे ठेवले. शालीकराम पूर्वी रेल्वेत हरवलेल्या पार्सलांचा माग काढी. आता गोंदियात लोकांच्या खाजगी चौकश्या करी.

"सहा आठवडे!" तो म्हणाला. "गुरुजी, तुमच्यापेक्षा मालगाडी बरी."

दुसऱ्या दिवशी दोघे सालेकशाला उतरून सुखरामच्या गावी चालत गेले. धानाची कापणी चालू होती. बांधीवर सुखरामचा थोरला भाऊ बकाराम भेटला.

"सुखराम? तो तं श्रावणातच मेला, गुरुजी."

गुरुजींचा हात खिशातल्या पत्राकडे गेला. शालीकरामने त्यांचे कोपर दाबले.

"कोणी सांगितलं?"

"कार्ड आलं ना. कोपरा फाटला होता."

मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून मग ते पेटीत टाकायचे, हा रिवाज. असले कार्ड हाती आले की लोक रडायला बसतात, वाचायला नाही.

"तुम्ही ते वाचून नाही घेतलं?"

"कायले? संध्याकाळी घरी आलो तं प्रेमिला कार्ड धरून बसली होती. मी डोस्कं भादरलं, दहावं केलं. आता चिचगडचे लोक तिले मागून राहिले. पुनवेला पाट लावून देतो."

"आणि सुखरामच्या वाट्याची बांधी?"

"मीच कसून राहिलो. काऊन? पडीक ठेवू?"

असले कार्ड घरात ठेवत नाहीत. पण प्रेमिलाने ते जाळलेही नव्हते. गोठ्याच्या छपरात खोचून ठेवले होते. बकारामच्या घरी आल्यावर शालीकरामने ते शोधून गुरुजींच्या हाती दिले.

"काय दिसतं?"

"कोपरा नाही," गुरुजी चाचरत म्हणाले. "त्याच्यासोबत पोस्टाचा शिक्काही अर्धा गेला."

"कुठला शिक्का?"

"सालेकशाचा."

"छान."

यात छान काय, ते गुरुजींना कळले नाही. मागे सुखरामच्या अक्षरात एकच ओळ होती : 'सुट्टी नाही, पुढच्या पोळ्याला नक्की येतो.'

त्याच दिवशी टपाल घेऊन पोस्टमन मंगरू आला. तो आठवड्यातून एकदाच या गावी येई आणि टपाल देऊन लगेच पुढे जाई, म्हणून दहाव्याची गोष्ट त्याच्या कानी आली नव्हती.

"मी फाडलं?" तो उसळला. "अख्खं कार्ड मीच वाचून दाखवलं तिले!"

"आणि मनीऑर्डर?"

"दुपारी ती घरी एकटीच राहते. म्हटलं, बाई, सुखरामची मनीऑर्डर आहे. तं म्हणे, परत कर. सुपातून वर पाहिलं बी नाही."

"कोणी पाठवली, कधी पाठवली, काहीच नाही विचारलं?"

"एक शब्द नाही. नवराबायकोचं भांडण असन, मी मधात कायले पडू?"

शालीकरामने सगळ्यांना आंगणात बसवले. गुरुजींनी सुखरामचे पत्र वाचले. बकाराम एकदम उठून मंगरूवर धावला. शालीकरामने त्याला आवरले.

"आधी ऐका. मरणाचं कार्ड असतं, तर सुखरामच्या सोबत्यांनी कोपरा तिकडेच फाडला असता. सालेकशाचा शिक्का त्यानंतर पडला असता आणि पुरा उमटला असता. इथं शिक्काच फाटला आहे. म्हणजे कोपरा सालेकशानंतर गेला."

"मंगरूनंच फाडला!"

"किंवा तुम्ही. बांधी तुमच्याकडं आली. पण तुमच्यापैकी कोणीही फाडला असता, तर प्रेमिलाबाईंना नवरा मेला असंच वाटलं असतं. मग मेलेल्या नवऱ्याची मनीऑर्डर दारात आल्यावर बाई सूप टाकून धावली असती. तो जिवंत आहे का, हे विचारलं असतं. विचारत नाही तो एकच माणूस. ज्याला ठाऊक असतं."

प्रेमिलाने पदर पुढे ओढला.

"पाच पोळे झाले," ती गुरुजींना म्हणाली. "दर साली हेच. पैसा येते, माणूस येत नाही. मेल्याची बायको रडते तं बाया जवळ येऊन बसतात. मनीऑर्डरवालीजवळ कोण बसते, गुरुजी?"

"जित्या भावाचं दहावं केलं मी!" बकाराम ओरडला.

"ते पाप माझं."

गुरुजींनी कागद काढला. पुनवेला अकरा दिवस होते.

"कोपऱ्याचं लिहू?" त्यांनी हळूच विचारले.

"सारंच लिहा. पैसा नको म्हणून लिहा. पुनवेच्या आत या म्हणा. नाही तं मी चिचगडले चालली. तिथं माणूस रातच्याले घरी राहते."

गुरुजींनी आयुष्यात प्रथमच एकही शब्द न खोडता पत्र लिहिले.

सालेकशाला हावड्याकडची गाडी उभीच होती. तिच्या टपालाच्या डब्याला पत्रे टाकायची फट होती. तिथे शालीकरामने हात पुढे केला, "द्या, मी टाकतो."

"नको," गुरुजी म्हणाले. पाकीट उघडून पुन्हा एकदा वाचावे असे मनात येण्याच्या आत त्यांनी ते फटीत सोडले.