गायीचं दावं

एकोणसाठ सालची गोष्ट. टळटळीत उन्हात कोंडिबा वडगाव रासाईहून मांडवगणाकडं निघाला, खांद्यावर गायीचं दावं टाकून. काम साधंच, दावं परत करायचं. जनावर दिलं की देणाऱ्यानं दावं सोडून न्यायचं आन् घेणाऱ्यानं आपलं बांधायचं, ही रीत. पण सहा दिवसांमागं बाबुलाल बांडी गाय देऊन गेला तो दावं तिच्या गळ्यात तसंच ठेवून. हाक मारली तर वळूनही बघितलं नाही.

सून नकुशी त्याच दिवशी गायीच्या कासेजवळच्या गोचिड्या वेचायला बसली. दोन अंगठ्यांच्या नखांत फटाफट चिरडल्या. परवापासनं ती तापानं फणफणलेली. सकाळी हिरड्यांतनं रक्त आलं. म्हाताऱ्याला तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. करणी करून दावं मुद्दाम ठेवलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. डोकं त्या बाबुलालच्या बायकोचं. बाई पहिल्यापासनं आतल्या गाठीची. कोंडिबाचं गावात कुणाशी धड बोलणं नव्हतं, पण संशय घ्यायला बोलणं कशाला लागतं?

मांडवगणात बाबुलालची बायको सुलतानबी घराच्या ओट्यावर जोंधळे निवडत होती.

"हे घे तुझं!" त्यानं दावं तिच्यापुढं टाकलं. "सून मरायला टेकली माझी. काय करून ठेवलंस ह्याला?"

ती वाकून दाव्याची गाठ बघू लागली. हात लावीना.

"कोंडिबादादा... हे कुठं घावलं?"

"सोंगं नको करू. तुझ्या दादल्यानं दिलं, गायीसंगं. सहा दिस झालं."

"त्यांना जाऊन आज नववा दिस हाय, दादा."

कोंडिबा दाव्यापासनं एक पाऊल मागं सरला.

"आधी गाय गेली," ती हळू बोलली. "गोचिड्या मावत न्हवत्या अंगावर. ह्यांनी हातानं चिरडल्या. मग ताप, तोंडातनं रगत... डॉक्टर म्हणला, गोचिडीतनंच आलं. गाय पुरली तवा दावं मीच ठिवलं गळ्यात. गाठीला माझ्या ओढणीची चिंधी हाय, बघा."

चिंधी होती. ओल्या मातीनं माखलेली.

"खोटारडी..." एवढंच तो पुटपुटला. पण पाय घराकडं पळत होते.

गोठा रिकामा. गाय सहा दिवस उभी होती तिथं शेणाचा पो नाही, मुताचा वास नाही. आत नकुशी उठून बसलेली, भाकरी कुस्करून खात होती. कपाळ थंडगार.

"मामा, बाबुलालचाचा आलते," ती म्हणाली. "गाय नेली. माझ्या मानंवरची गोचीड काढली त्यांनी. चिरडायची न्हाई म्हणले, चुलीत टाकली."

"आन्... आनिक काय म्हणला?"

"तुमचं विचारलं. म्हणले, म्हाताऱ्याच्या अंगावर एक हाय." नकुशीनं घास गिळला. "ती असू दे, म्हणले."

कोंडिबाचा हात कानामागं गेला. केसांत भुईमुगाच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. टम्म. मऊ. आन् त्याच्या अंगापेक्षा कितीतरी गार...